जामसांवलीले जाऊन आलेलं इंजेक्शन

मी पेन बोलून राहिलो. लिहाचा नाही, पोटात टोचाचा. सौंसरच्या भैय्याजीच्या देवघरात, घंटीच्या बाजूले पडून हाओ. खरं म्हणजे मले फ्रिजात राहाचं होतं.

जन्म कुठं झाला आठवत नाही, थंडी होती एवढं आठवते. नागपूरहून थर्माकोलच्या डब्यात बर्फासोबत आलो. भैय्याजीले शुगर जुनी. आता लघवीत फेस येऊन राहिल्ता. तपासलं तं किडनीतून प्रोटीन गळून राहिलं होतं. त्यायचे मोठे भाऊ श्रीधर डायलिसिसवर हाय, म्हणून घरात त्या फेसाले सारेच भेत.

फ्रिजाच्या दारात आधीपासून इन्सुलिनचा पेन होता. म्हातारा, रोजच्या ड्युटीचा. मले म्हणे, "हप्त्यातून एकच दिवस काम? जावई हायस का बे?"

मी म्हटलं, काकाजी, साखर तुमी बी उतरवता, मी बी उतरवतो. पण मले डॉक्टरनं हृदय अन् किडनी सांभाळाले बी धाडलं. धोका कमी होते, पुरा जात नाही, हे बी तेच म्हणाले. तुमची नोकरी कायम हाय. मंग म्हातारा नीट बोलू लागला.

आता या घरची रीत ऐका. नवी वस्तू आली का पयले जामसांवलीच्या मारुतीले दाखवाची. ट्रॅक्टर जाऊन आला, मोटरपंप जाऊन आला, सून प्रणालीची स्कूटी बी हार घालून आली. मंग हृदय अन् किडनी सांभाळणारा मी कसा सुटतो?

शनिवारी भैय्याजीनं मले गाडीच्या डिक्कीत टाकलं. मे महिना. दर्शनाची लाइन लांब. येताना रामाकोन्याले एका सोयऱ्यापाशी संत्र्याच्या बहाराची गोठ निघाली. ते सावलीत बसले, मी डिक्कीत. घरी येईपर्यंत माहा चहा झाला होता.

भैय्याजीले बी डिक्की तापलेली दिसली. म्हणून त्यायनं मले थंड कराले बर्फाच्या खणात ठेवलं. पयले मले उकडलं, मंग गोठवलं. आमच्या जातीत यानंतर काही उरत नाही.

प्रणालीनं मले बर्फातून काढलं अन् डॉक्टरले फोन लावला. ते म्हणाले, फेका, नवा आणा. तोवर भैय्याजीनं माहं टोपण काढून पोटाची चिमटी बी धरली होती.

"मारुतीपाशी जाऊन आला हाय," ते म्हणाले. "याले काय होते?"

प्रणालीनं आवाज चढवला नाही. "मामाजी, मारुतीनं संजीवनी आणली तं अख्खा डोंगर उचलून आणला, झाडाची मुळी हालू देली नाही. तुमी उन्हात वाळवून आणली."

भैय्याजीनं पोटाची चिमटी सोडली. मंग म्हणाले, "श्रीधरदादा बी असाच आयकत नव्हता." अन् टोपण लावून टाकलं.

नवा पेन आला, थेट फ्रिजात गेला. जामसांवलीले त्याचं रिकामं खोकं गेलं. खोक्यानं तब्येतीत दर्शन घेतलं.

मले मात्र फेकता येत नाही, प्रसादाचा हाओ ना. किडनी सांभाळाची होती, आता अगरबत्तीची राख सांभाळून राहिलो. एकच मागणं हाय जी. तुमच्या घरी माह्यासारखा कोणी आला तं त्याच्या खुशाल पाया पडा, पण फ्रिजासमोर उभं राहून. अन् दार लवकर लावा.