गच्चीवरची दोरी

पर्यावरणपूरक काडतुसाच्या पानावर हिरवा रंग कोणता द्यायचा, यावर त्या दिवशी सकाळपासून आमच्या ऑफिसात खल चालला होता. मी थट्टा करत नाहीये. कॅटलॉगचं अख्खं पान होतं ते. मधोमध चकचकीत काडतूस, त्याच्या बुडाशी कोवळी पालवी आणि खाली मजकूर: 'शिसेविरहित. जमिनीत विष उरत नाही.'

"जमिनीत उरत नाही हे बरंच आहे. पण ज्याच्या अंगात उरतं त्याचं काय?" मी विचारलं.

पुसट्या फस्सकन हसला. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"तू शुद्धलेखन बघ. अंगात काय उरतं ते गिऱ्हाईक बघून घेईल."

काका म्हणजे आमचे मालक. सगळे त्यांना काका म्हणतात, पगारवाढ मागायच्या दिवशी तर जरा जास्तच. पुसट्या म्हणजे फोटो साफ करणारा. लग्नाच्या अल्बममधला नको असलेला नातेवाईक, पुढाऱ्याच्या गालावरचा मस, काय सांगाल ते तो पुसून देतो, म्हणून पुसट्या. आणि मी मांडणी करते, मजकूर तपासते, छपाईला जाण्याआधी प्रत्येक पानावर शेवटची नजर माझी. बाळंतपणाची रजा संपवून नुकतीच परत आले होते. सासूबाई म्हणतात, तुझ्या डोळ्यांना सुट्टी म्हणून नसते. खरं आहे. बाळ झाल्यापासून तर मला टेबलाचा कोपरा टेबलाच्या आधी दिसतो.

पूर्वी आम्ही लहान मुलांची शाळेची पुस्तकं करायचो. यंदा सरकारने सांगितलं, मागच्या वर्षीचीच वापरा, पैसे नाहीत. नवऱ्याच्या सरकारी हॉस्पिटलनेही त्याला तेच सांगितलं. तो क्ष-किरण विभागात होता, करार संपला आणि पुन्हा झालाच नाही. त्या दिवशी सकाळी ऑफिसला येण्याआधी मी बाळाला लस द्यायला सरकारी दवाखान्यात घेऊन गेले होते, तेव्हा खिडकीतल्या बाईंनीही तेच सांगितलं. "आली नाही हो. पुढच्या आठवड्यात बघा." मागच्या आठवड्यातही पुढचाच आठवडा होता. आणि याच सरकारने शहराबाहेरच्या मैदानावर शस्त्रांचं भलंमोठं प्रदर्शन भरवलं होतं. तंबू वातानुकूलित, जमिनीवर गालिचे, पाहुण्यांसाठी नवा डांबरी रस्ता. त्यातल्या एका कंपनीचं कॅटलॉग आमच्याकडे आलं तेव्हा काका म्हणाले होते, "पुस्तकं काय, कॅटलॉग काय, कागद तोच." घरात कमावती मी एकटी. मी काम हातात घेतलं होतं.

संध्याकाळी फाईल खालच्या मजल्यावरच्या छापखान्यात जायची होती. त्याआधी दुपारी कंपनीचा माणूस येऊन सगळं डोळ्यांखालून घालणार होता. मी एकेक पान मोठं करून तपासत गेले. काडतूस झालं, बॉम्ब टाकणाऱ्या उडत्या यंत्राचं, ड्रोनचं, पान आलं. दोन फोटो शेजारी शेजारी. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'. डावीकडे एक दुमजली घर, वरून, जरा तिरक्या कोनातून टिपलेलं. उजवीकडे त्याच जागी राखाडी खळगा. आजूबाजूची घरं जशीच्या तशी. हीच तर शेखी होती. खाली ओळ: 'महिनाभर रिकाम्या असलेल्या इमारतीवर अचूक मारा. नागरी हानी: शून्य.'

'नागरी' मधली वेलांटी तपासायला मी पान आणखी मोठं केलं आणि नजर गच्चीवर गेली.

गच्चीवर दोरी होती. दोरीवर कपडे होते.

आधी एक मोठं चादरीसारखं काहीतरी, मग चौकोनी फडकी. सगळी एका मापाची, ओळीने, एकाचा कोपरा दुसऱ्याच्या कोपऱ्यावर घेऊन चिमटा लावलेला. दोरी कमी पडते तेव्हा असेच घालतात, मीही असेच घालते. टोकाला दोन-तीन अगदी चिमुकली झबली. चड्डी, पायजमा असलं काहीच नाही, म्हणजे बाळ अजून रांगत नव्हतं. आणि दोरी मधोमध खाली झुकलेली होती. फडक्यांची वरची कड उजळ, खालची गडद. पाणी निथळून खाली उतरलेलं. रोज सकाळी धुणं घालून झालं की क्षणभर कमरेवर हात ठेवून मी हेच बघत उभी असते.

दोन्ही फोटोंच्या कोपऱ्यात वेळ छापली होती. मध्ये पाव तासही नव्हता.

"काका," मी म्हटलं, "इकडे या."

ते आले. मी बोट ठेवलं.

"डाग आहे," ते म्हणाले.

"डाग ओळीने पडत नाहीत काका. कपडे आहेत. बाळाचे. आणि ओले आहेत."

"बरं मग?"

"खाली लिहिलंय, महिनाभर रिकामं. ओले कपडे दोरीवर घालून कोण महिन्याभरापूर्वी घर सोडतं? पाव तासात ती बाई जिना उतरून आत गेली असेल. बाळ आतच असणार. एवढं धुणं घालायचं म्हणजे आधी बाळाला झोपवावं लागतं."

पुसट्या खुर्ची सरकवून आला. वाकून बघितलं, परत जाऊन बसला.

"हे बघ," काका खालच्या आवाजात म्हणाले, "तुला फोटोत बाळ दिसतंय का? नाही ना? मग नसलेल्या बाळाचं मला सांगू नकोस. मलाही नातवंडं आहेत, मला काय काळीज नाही? पण हे काम हातचं गेलं तर पुढच्या महिन्यात या खोलीचं भाडं तू देणार आहेस?"

"मजकूर खोटा आहे. मी खोट्या मजकुरावर बरोबरची खूण करणार नाही."

"बाई गं, जाहिरात आहे ती! केस वाढवणाऱ्या तेलावर करायचीस तेव्हा तुझे केस वाढले होते का?"

एरवी मी हसले असते.

दुपारी कंपनीचा माणूस आला. आम्ही त्याचं नाव गुळगुळीत ठेवलं होतं. कपाळ गुळगुळीत, आवाज गुळगुळीत, बूटसुद्धा असे की धूळ त्यांना घाबरून असावी. आल्या आल्या त्याने हिरव्या रंगाला नाक मुरडलं. "जरा ताजा हवा. सकाळच्या गवतासारखा." काका मान डोलावत होते. मग पान उलटलं, आणि काका काही बोलायच्या आत मी बोलून टाकलं. सगळं. दोरी, फडकी, झबली, ओल, वेळ.

त्याने मला एकदाही मध्येच तोडलं नाही. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावून पडद्याशी वाकला. "ओले कशावरून म्हणालात?" मी सांगितलं. "आणि वय?" तेही सांगितलं. इतकं मन लावून माझं बोलणं नवऱ्यानेही कधी ऐकलेलं नाही. आणि मी मूर्ख, मला वाटलं माणूस हादरलाय. वाटलं, आता हा बाहेर जाऊन कुणाला तरी फोन लावेल. कुणीतरी कुठेतरी त्या घराची चौकशी करेल, निदान ते 'शून्य' तरी पुसलं जाईल. बोलता बोलता माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते मी बाहीने पुसलं.

"कमाल आहे," तो म्हणाला. "आमच्याकडे किती जणांनी हा फोटो बघितला. कुणालाच दिसलं नाही." मग काकांकडे वळून, "काढून टाकू या हे. दोरी, कपडे, सगळं. गच्ची मोकळी दिसू दे."

"हो हो, लगेच," काका म्हणाले. "अरे, घे रे करायला."

"आणि ताई," गुळगुळीत माझ्याकडे वळला, "असे आमच्याकडे खूप फोटो आहेत. व्हिडिओ तर ढीगभर. दर प्रदर्शनाला लागतात. त्यात असं काही राहून जायला नको. खेळणी म्हणा, सायकल म्हणा. तुमच्यासारखे डोळे आम्हाला हवेच होते. घरून काम करा, बाळाजवळ बसून. आत्ता मिळतात त्याच्या दुप्पट देऊ."

काकांचा चेहरा असा उजळला, जणू मुलीला स्थळ सांगून आलंय.

मी साक्ष दिली होती आणि त्याने ती दुरुस्ती समजून खिशात घातली. मी तोंड मिटून बसले असते तर ती दोरी तशीच छापली गेली असती. त्या बाईचं शेवटचं धुणं मीच दाखवलं त्यांना, बोट ठेवून. म्हणजे मारायलाही हेच, पुसायलाही हेच, आणि पुसायचं काय ते शोधायला एखादी आई पगारावर ठेवायची, कारण ते आईलाच दिसतं.

पुसट्याला काही मिनिटंच लागली. मी त्याच्या पाठीमागे उभी होते. चादर गेली, फडकी गेली, झबली एकेक करून गेली. शेवटी दोरी. त्याच्या जागी गच्चीची साधी फरशी आली.

"झालं?" गुळगुळीतने विचारलं.

"झालं," पुसट्या म्हणाला.

"ताई, तुम्ही एकदा बघा. तुमची नजर पक्की."

मी वाकले. दोरी नव्हती, पण मागच्या कठड्यावर तिची सावली होती. तिरक्या उन्हातली, लांबट, चौकोनांची ओळ, मधोमध झुकलेली. एकदा दिसली की दुसरं काही दिसू नये इतकी स्पष्ट.

पुसट्या सावली विसरत नाही. अल्बममधून एखाद्या मावशीला काढलं तर तो तिची सावली काढतो, शेजारच्या स्टीलच्या पेल्यातलं तिचं प्रतिबिंबसुद्धा काढतो. त्यावरून आम्ही त्याला किती पिडलंय. मी त्याच्याकडे बघितलं. तो चहाच्या कपात बघत होता. कप रिकामा होता.



"स्वच्छ आहे," मी म्हटलं. "काही नाही आता."

फाईल खाली गेली. काका मिठाईवाल्याला फोन लावायच्या बेतात होते. "उद्यापासूनच सुरू कर गं. साहेब फोटो पाठवतील."

"मी नाही करणार."

"काय?"

"ते फोटोंचं काम मी नाही करणार. आणि काका, तुमच्याकडेही उद्यापासून येणार नाही."

"डोकं फिरलंय का? घरात नवरा बसून, दुप्पट पगार दारात चालून आलाय. अगं, बाळाचा तरी विचार कर!"

"कुठल्या?" माझा आवाज इतका चढला की शेजारच्या ऑफिसातला माणूस जिन्यात येऊन उभा राहिला. "कुठल्या बाळाचा करू काका? माझ्या बाळाची लस यांच्या गालिच्याखाली गेली. त्या बाळाचं तर घरच गेलं वरून. आणि तुमच्या नातवंडांना यंदा फाटकी पुस्तकं, नवी तर तुम्हीच छापणार होतात! यांनी सगळ्यांचं खाल्लंय आणि वर आपल्यालाच ताटं विसळायला बसवलंय. आणि हिरवा रंग कसला निवडताय? लाज कशी वाटत नाही, पालवी लावताय काडतुसाला!"

"वाद नको," गुळगुळीत म्हणाला. अजूनही तोच आवाज. "ताईंची तब्येत नाजूक असते या दिवसांत. विचार करू द्या त्यांना." त्याने कार्ड टेबलावर माझ्याकडे सरकवलं. मी पर्स उचलली. कार्ड तिथेच राहिलं. पुसट्याजवळून जाताना तो पुटपुटला, "सांभाळून जा ताई." एवढंच. त्याच्या घरीही खाणारी तोंडं आहेत. त्याला जे करायचं होतं ते त्याने केलं होतं.

खाली उतरले, पण घरी गेले नाही. छापखान्यात एका कागदाच्या गठ्ठ्यावर बसून राहिले. भीती होती की वरच्या कुणाच्या तरी लक्षात ती सावली येईल. थोड्या वेळाने गुळगुळीत जिना उतरला, मला बघून मान लववली आणि गाडीत बसून निघून गेला. मी नवऱ्याला फोन करून सांगितलं, नोकरी सोडली. तो म्हणाला, "बरं. ये आधी घरी, मग बघू." त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याने मला जास्तच वाईट वाटलं.

प्लेटा चढल्या. मशीन सुरू झालं. पहिले काही कागद रंग जमेपर्यंत वाया जातात, ते गेले. मग मशीनवाल्या दादांनी एक चांगला कागद ओढून उजेडात धरला आणि सवयीने माझ्याकडे दिला. वर काय झालंय हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मी पान शोधलं. 'आधी'. कठड्यावरची सावली कागदावर पडद्याहून गडद उतरली होती.

दादांचा अंगठा बंद करायच्या लाल बटणावर होता. मी चूक आहे म्हटलं असतं तर मशीन थांबलं असतं, प्लेट उतरली असती, सगळं पुन्हा नीट झालं असतं.

"चूक राहिली का ताई?"

"नाही," मी म्हटलं. "चालू द्या. सगळ्या प्रती काढा."