व्हॅलेन्सियाची रांग

विनीनं बाटलीच्या तोंडात कागदाचं नरसाळं खुपसलं आणि वाटीनं मसाला ओतायला सुरुवात केली. थोडा ओतायचा, लाकडी काठीनं ठासायचा, पुन्हा ओतायचा. आत हवा राहिली की मसाला गेलाच म्हणून समजा. नाकात तिखट जाऊन शिंकांवर शिंका आल्या तरी तिनं हात थांबवला नाही.

व्हॅलेन्सिया मोबाइल घेऊन दारात उभी राहिली. तिची दहावीची परीक्षा नुकतीच संपली होती, आणि संपल्यापासून पोरगी विचारलं तेवढ्याचंच उत्तर देत होती.

"मम्मी, डॅडी विचारतो, फास्ट ट्रॅकचं काय झालं?"

"काय व्हायचंय? बघू म्हणावं."

"बघू लिहू?"

"लिही. त्याला माझं बघू चांगलं माहितीये."

विनीचे वडील इसिडोर खुर्चीत पाय वर घेऊन बसले होते. ते हसले आणि हसता हसता खोकले.

"फास्ट ट्रॅक! मंत्रीण लागून गेली काय गं तू, व्हॅल?"

"मी कुठे मागितला, ग्रँडपा?" म्हणत ती आत निघून गेली.

फास्ट ट्रॅक म्हणजे विमानतळावरची जलद रांग. एकदा अर्ज करायचा, सरकारी कचेरीत जाऊन बोटांचे ठसे आणि चेहरा द्यायचा. मग परदेशी जाताना कागद तपासणाऱ्यांच्या लांबलचक रांगेत ताटकळायला नको. पासपोर्ट मशीनवर टेकवला की दार उघडतं. पोरगी अठराच्या आतली असल्यामुळे पालकाची संमती हवी होती, आणि इथं मुंबईत असलेला पालक म्हणजे विनी. पोरीच्या बापानं, जेफ्रीनं, मस्कतहून अर्ज भरूनसुद्धा ठेवला होता. तो विनीच्या होकारापाशी येऊन अडला होता.

या सगळ्या प्रकरणाला कारण मसाल्याची बाटली. विनीच्या मरोळ गावठाणात वर्षाचा मसाला बिअरच्या बाटल्यांत भरतात. काच तपकिरी, त्यामुळे उजेड लागत नाही, रंग टिकतो. इथल्या पोरांना बिअरची बाटली बघून आधी मसालाच आठवतो. मोठी झाल्यावर काय आठवतं ते सोडा. गेल्या डिसेंबरात विनीनं तशीच एक बाटली टॉवेलात गुंडाळून पोरीच्या हातातल्या बॅगेत ठेवली होती. सामानात टाकली असती तर फुटली नसती का? झडतीच्या वेळी विमानतळावरच्या जवानानं ती सगळ्यांसमोर बाहेर काढली.

"ये क्या है?"

"मसाला."

"बिअर की बोतल में?"

त्यानं बूच काढून हुंगलं, आणि गडी असा शिंकायला लागला की दुसरा धावत आला. बाटली तिथंच राहिली. व्हॅलेन्सिया विमानात सगळ्यांत शेवटी चढली. हे विनीला पोरीनं सांगितलंच नाही, जेफ्रीनं फोन करून सांगितलं, तेही ओरडून.

"पोरीला बिअरच्या बाटलीसकट पाठवतेस? अक्कल गहाण टाकलीस काय?"

विनीनं ते ऐकून घेतलं, कारण चूक तिचीच होती. पण त्यानंतर जेफ्रीनं जो फास्ट ट्रॅकचा धोशा लावला तो काही थांबेना. अरे बाबा, जलद रांगेतून गेलं तरी पुढे बॅगेची झडती चुकत नाही, हे त्याला कोण सांगणार? आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, जेफ्रीचं पहिल्यापासून हे असंच.

बरीच वर्षं झाली त्याला मस्कतला जाऊन, एका हॉटेलात एसीच्या कामावर. आधी दर नाताळला यायचा. मग एका नाताळला आला नाही, आणि नंतर फोनवर म्हणाला की आता परत येण्यात अर्थ नाही. भांडण कोर्टात गेलं नाही. चर्चमधल्या फादरसमोर बसून ठरलं की पोरगी आईकडे राहील आणि मे महिन्यात नि नाताळात बापाकडे जाईल. विनीनं मान हलवली. फादरसमोर दुसरं काय करणार?

तेव्हापासून पोरगी गेली की विनीचा जीव टांगणीला लागायचा. विमान पडेल अशी भीती तिला कधी वाटली नाही. एक दिवस तिकडूनच फोन येईल, मम्मी, मी इथंच राहते, इथलं कॉलेज चांगलंय, याची भीती वाटायची. मस्कतला रुंद रस्ते, मोठी घरं, गार खोल्या. इकडे काय, तर चकाल्याच्या दातांच्या दवाखान्यात दिवसभर पेशंटांची नावं पुकारणारी आई आणि खोकणारा म्हातारा. जाणंयेणं जितकं सोपं होईल तितका तो फोन लवकर येईल, असं तिच्या मनानं घेतलं होतं. बघू, बघू करत तिनं चार महिने काढले ते त्यामुळे.

"पापा, तू सांग," काठी बाजूला ठेवून ती म्हणाली. "आहे का हे फायद्याचं?"

"या वयात कसली घाई? उभं राहायचं रांगेत. पाय काय भाड्याचे आहेत?"

"तेच म्हणते मी. आणि अठराची झाली की पासपोर्ट नवा निघणार. म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा ठसे. एवढ्याशा दिवसांसाठी कोण उपद्व्याप करणार?"

"बरोबर आहे तुझं." इसिडोरनी पाय खाली सोडून चपला शोधल्या. "पण तू अडवतेस ती यासाठी नाही."

"मग कशासाठी?"

"विनी, मी विक्रोळीच्या कारखान्यात आयुष्यभर गेटवर बसलो. गेट लावून कोण थांबत नाही गं. ज्याला जायचंय तो भिंतीवरून उडी मारतो, आणि वर आपल्याला शिव्या घालून जातो."

"मी तुला कारखान्याचं विचारलं?"

"नाही विचारलंस," म्हणाले ते, आणि पाणी प्यायला आत गेले.

विनीला असा राग आला की पुढची बाटली तिनं नको इतकी ठासून भरली. म्हातारा खरं बोलला की त्याचा खोकलासुद्धा तिला सहन व्हायचा नाही. पण रागावून काय होणार? पोरगी हातातून चाललीय हे तिला दिसत होतं. जायचे दिवस जवळ आले तरी व्हॅलेन्सियानं बॅग काढली नव्हती. बापाचा मेसेज आला की एका शब्दात उत्तर, आईनं हाक मारली तर तेवढंही नाही. संमती दिली नाही म्हणून ती फुगून बसलीय, अशी विनीची खात्री झाली. जाऊ दे. पोरीला अडवून तिच्या डोळ्यांत वाईट होण्यापेक्षा हसत पाठवलेली बरी. रात्रीच्या जेवणाआधीच तिनं तो होकार भरून टाकला. कचेरीतली वेळ मिळाली त्या दिवशी तिनं दवाखान्यातून अर्धी सुटी घेतली.

"चल, तुझं ते फास्ट ट्रॅकचं उरकून टाकू."

व्हॅलेन्सियानं मान वर केली. "आज?"

"मग काय मुहूर्त काढू?"

रिक्षात विनी एकटीच बोलत होती. आता कसं झकास होईल, दोन मिनिटांत आत, डॅडीपण खूश. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी म्हणे कधीच करून घेतलंय. पोरगी बाहेर बघत होती. अंधेरी-कुर्ला रोडवर मेट्रोच्या खाली रिक्षा अडकली तेव्हा विनी पर्समधले कागद पुन्हा मोजत बसली.

कचेरी विमानतळाच्या जवळच होती. आत गार हवा, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर टोकन नंबर. त्यांचा नंबर लागला तशी विनी पुढे झाली. खिडकीमागे चष्मा लावलेला एक तरुण कारकून बसला होता.

"नाव?"

"व्हॅलेन्सिया," विनीनं सांगितलं.

"वय?"

"सोळा."

"जाणार कुठे? नेहमी जाते का?"

"मस्कतला, वडिलांकडे. मेमध्ये आणि नाताळला."

"बरं. उजव्या हाताची चार बोटं काचेवर ठेव."

व्हॅलेन्सियानं हात पुढे केला नाही.

"ठेव ना, बाळा," विनी म्हणाली. "काही होत नाही, नुसती काच आहे."

"मम्मी, नको. फुकट जाईल हे. मी नाही जाणार."

"कुठे?"

"मस्कतला. मेमध्येपण नाही आणि नंतरपण नाही."

मागच्या रांगेत कुणीतरी घसा खाकरला. कारकून म्हणाला, "मॅडम, बाजूला होऊन ठरवा. पुढचे येऊ द्या." दोघी पाण्याच्या कूलरपाशी जाऊन उभ्या राहिल्या. विनीनं पोरीचा दंड धरला होता तो सोडला नाही.

"काय झालं? मारलं त्यानं?"

"नाही गं."

"मग?"

"डॅडीबरोबर एक आंटी राहते. नर्स आहे. बरी आहे ती, मला त्रास नाही दिला. पण बिल्डिंगमधल्या सगळ्यांना त्यांनी सांगितलंय की त्यांचं लग्न झालंय, नवीनच." व्हॅलेन्सिया कूलरच्या नळाकडे बघून बोलत होती. "म्हणून लिफ्टमध्ये कुणी असलं की मी डॅडीला अंकल म्हणायचं. मी त्याच्या बहिणीची पोरगी."

"काय म्हणायचं?"

"अंकल. अंकल जेफ्री. नाताळला चर्चमध्ये मिस्साला पण. मिस्सा संपल्यावर एका बाईनं विचारलं, कोण ही, तर डॅडी म्हणाला, भाची."

विनीच्या अंगाची लाही लाही झाली. जेफ्री समोर असता तर तिनं त्याचं थोबाड रंगवलं असतं, मग फादर बघोत नाहीतर बिशप. पोरीला कडेवर घेऊन गावठाणभर फिरणारा हाच तो मेला! आणि त्या रागाच्या खालून, लाज वाटावी असं, काहीतरी एकदम हलकं झालं. तो फोन आता येणार नव्हता. पोरगी कुठे जात नव्हती.

"आणि तू इतके महिने गप्प बसलीस? आईला सांगता येत नाही?"

"सांगितलं असतं तर तू खूश झाली असतीस."

"खूश? वेडबिड लागलंय काय तुला?"

"आत्ता झालीस. मी बघितलं."

विनीनं नाही म्हणायला तोंड उघडलं. पोरगी तिच्याकडे टक लावून बघत होती, डोळे भरलेले, नाक लाल. असल्या डोळ्यांसमोर खोटं बोलायचं धाडस तिला झालं नाही.

"झाले," ती म्हणाली. "झाले थोडी. पण तुझ्यासाठी पोटात तुटलंसुद्धा, गं. आईची शपथ. दोन्ही एकदम झालं."

व्हॅलेन्सियानं मान हलवली. विनीनं ओढणीच्या टोकानं तिचं नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं, आणि चारचौघांत असूनही पोरीनं पुसू दिलं. मग विनीला एकदम हुरूप आला. किती दिवसांनी पोरगी अशी जवळ उभी होती.

"जाऊ दे मरू दे ते मस्कत. या सुटीत मढला मावशीकडे जाऊ. खाडीवर मासे खाऊ, समुद्रावर फिरू. त्याला मी फोन करते, चांगली उतरवते त्याची. आणि अकरावीला पार्ल्याचं कॉलेज घे, घरून जायला-यायला सोपं. हो ना?"

व्हॅलेन्सिया खिडकीकडे बघत राहिली. विनीला त्याचं काही वाटलं नाही. रडून झाल्यावर माणूस गप्पच असतं. ती तिला घेऊन पुन्हा खिडकीपाशी आली.

"काय ठरलं, मॅडम?"

"रद्द करा. आता नाही लागायचं हे."

"सर, एक विचारू?" व्हॅलेन्सिया म्हणाली.

कारकुनानं पहिल्यांदाच तिच्याकडे बघितलं. "विचार ना."

"हे फक्त मस्कतसाठीच असतं का?"

"मस्कतचा काय संबंध?" त्याला हसू आलं. "इथून बाहेर कुठेही जा. लंडन, कॅनडा, तुला जिकडे जायचंय तिकडे."

"आणि एकटी गेले तर चालतं?"

"त्या दारातून एका वेळी एकच माणूस जातं. सगळे एकटेच जातात."

व्हॅलेन्सियानं आईकडे बघितलं नाही. तिनं उजवा हात जीन्सला पुसून कोरडा केला आणि चारही बोटं काचेवर टेकवली. काचेखाली हिरवा उजेड सरकत गेला.

"अगं, पण..." विनी म्हणाली. ती आणखी जवळ सरकून पोरीच्या खांद्याला लागून उभी राहिली.

"छान. आता डावा. आता वर कॅमेऱ्यात बघ, हलू नको." कारकून पडद्यावर बघत थांबला. "मॅडम, तुम्ही जरा मागे व्हा. फोटोत येताय."

विनी एक पाऊल मागे झाली.

"अजून थोडं," तो म्हणाला.