डॉक्टरांसाठी राखीव

रेजिस शार्व्होलँने मांसाचं सारण भरलेला लांबट पाव फडक्यातून सोडवला आणि सभागृहाबाहेरच्या टेबलावर ठेवला. पोरीचा पीएचडीचा व्हायवा म्हणजे नंतर आल्यागेल्याला खाऊपिऊ घालणं आलंच, आणि ते घरच्यांनीच आणायचं असतं. दारावर विद्यापीठाची पाटी होती. त्याने ती मान वर करून वाचली, जणू आजच पाहत होता.

"शहराचं नाव आणि पुढे आकडा," तो बहिणीला म्हणाला. "आकडे कैद्यांना देतात."

मिरेय हसली नाही. हा विनोद तिने कितीतरी नाताळांच्या जेवणांत ऐकला होता.

त्याच्या लेकीला, सोलेनला, तर तो पाठच होता. एकोणीसशे अडुसष्टच्या विद्यार्थ्यांच्या दंगलीनंतर फ्रान्सच्या सरकारने शहराचं जुनं विद्यापीठ फोडलं, तेव्हा भाऊबंदांच्या वाटणीसारखं झालं. कायदा आणि साहित्य तिकडे गेलं, विज्ञान आणि वैद्यक इकडे आलं, आणि नावाच्या जागी आकडे चिकटले. इथे शाळेची शेवटची परीक्षा पास झालेल्या कुणालाही प्रवेश मिळायचा. रेजिसला तेच खुपायचं. तो पॅरिसच्या एका मोजक्यांनाच घेणाऱ्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला; त्याला तिथे 'शाळा'च म्हणतात. तिथे शिरायला दोन वर्षं रक्त आटवून प्रवेशपरीक्षा द्यावी लागते. सोलेनला ती परीक्षा जमली नाही, म्हणून ती इथे आली. आता इथल्या संशोधनाचा जगभर दबदबा होता, वडिलांच्या शाळेतली हुशार पोरंही इथल्या प्रयोगशाळांत जागा मागायची. पण शार्व्होलँ घराण्यात साध्या विद्यापीठाला 'फॅकल्टी' म्हणत, आणि 'पोरगी फॅकल्टीत गेली' हे अजूनही 'पोरगी वाया गेली' याच सुरात म्हटलं जायचं.

सोलेनच्या लहानपणी रेजिस तिला जेवताना प्रश्न घालायचा. उत्तर चुकलं तर चालायचं, तो हौसेने समजावून द्यायचा. 'ठाऊक नाही' मात्र चालायचं नाही. ते काही उत्तर नव्हे, म्हणायचा आणि ताटात बघून जेवायला लागायचा. ते तिला फार लागायचं. खरं तर अजून लागत होतं.

व्हायवा चांगला झाला. ओल्या वाळूचा ढीग नेमका कधी ढासळतो, हा तिचा विषय. परीक्षकांनी तिला चांगलंच पिळून काढलं, पण ती डगमगली नाही. तिसऱ्या रांगेत रेजिस तिच्या प्रबंधाची जाडजूड प्रत मांडीवर घेऊन बसला होता. शोभेला आणली असेल, असं तिला वाटलं. शेवटी परीक्षक मंडळाच्या अध्यक्षा मादाम बेर्तोलिए यांनी रीतीप्रमाणे पीएचडी झालेल्या श्रोत्यांना विचारलं,

"सभागृहातल्या डॉक्टरांपैकी कुणाला काही विचारायचंय?"

रेजिस उठून उभा राहिला.

"आपण डॉक्टर आहात, मस्यो?"

"इंजिनिअर," तो म्हणाला, आणि त्याने शाळेचं नाव सांगितलं. त्या नावासरशी आजवर त्याच्यासाठी दारं उघडत आली होती.

"माफ करा," मादाम बेर्तोलिए सौम्यपणे म्हणाल्या. "हे प्रश्न डॉक्टरांसाठी राखीव असतात. जुनी रीत आहे."

मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. रेजिस खाली बसला. त्याचे कान लाल झाले होते. त्याची एकदा तरी अशी जिरावी, असं सोलेनला अनेकदा वाटलं होतं. आता ती जिरली, तर तिने हसणाऱ्याकडेच डोळे वटारले.

परीक्षक आत जाऊन विचार करून आले. सगळे उभे राहिले, आणि उभ्यानेच निकाल ऐकला. सोलेन डॉक्टर झाली. टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या, रेजिसनेही.

बाहेर तो खाली मान घालून पाव कापत होता. सोलेन बशी घेऊन त्याच्यासमोर गेली.

"बाबा, काय विचारणार होतास?"

"राहू दे. रीत आहे त्यांची."

"ती आतली रीत झाली. इथे विचार ना."

त्याने सुरी पुसली. मग हळूहळू सांगू लागला. तरुणपणी त्याने रोन नदीकाठी मातीचा एक बांध घातला होता. एका सकाळी तो आपोआप खचला. पाऊस नव्हता, हादरा नव्हता. कुणाला इजा झाली नाही आणि चौकशीत त्याच्यावर ठपकाही आला नाही, पण बांध का खचला हे त्याला कधीच कळलं नाही. घरात हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. सोलेनच्या चौथ्या प्रकरणात त्याला वाटलं, उत्तर जवळ आलंय. पण तिचे ढीग बाहेरून भिजत होते. एखादा आतून, तळापासून भिजत गेला तर?

प्रत त्याच्या काखेत होती. चौथ्या प्रकरणात खुणेला ट्रामचं तिकीट घातलेलं होतं, आणि समासात पेन्सिलीच्या रेघाच रेघा होत्या.

सोलेनने बराच विचार केला. दोन मोठी समीकरणं फेकून वेळ मारून नेता आली असती, आणि त्याला ते पकडताही आलं नसतं.

"ठाऊक नाही, बाबा," ती म्हणाली.

तो मान फिरवेल म्हणून ती थांबली. तो तिच्याकडे बघतच राहिला.

तेवढ्यात मिरेय हातात ग्लास घेऊन आली. "एवढं काय विचारत होतास रे तिला? काय म्हणाली?"

"ठाऊक नाही म्हणाली." रेजिसने पावाचा कडेचा खरपूस तुकडा, जो तो नेहमी स्वतःला ठेवायचा, लेकीच्या बशीत वाढला. "म्हणजे अजून कुणालाच ठाऊक नाही, मिरेय."