मांडीतला फऱ्या

दुष्काळी कामावर खडी फोडताना एक कपची मच्छिंद्रच्या मांडीत घुसली. जखम ती केवढी, हरभऱ्याएवढी. पण तिसऱ्या दिवशी मांडी भोपळ्यासारखी फुगली आणि नुसतं धोतर लागलं तरी तो ओरडायला लागला. बायकोनं, छबूबाईनं, खडीच्या ट्रकमधून त्याला नगरला दवाखान्यात आणलं. आणलं खरं, पण डॉक्टर ‘आत्ताच्या आत्ता चिरावी लागेल’ म्हणताच ती दारात आडवी आली.

कारण नसबंदी. गळू दाखवायला गेलेल्या एका चुलत दिराचं भलतंच करून पाठवलं, असं सगळं गाव सांगत होतं. दिराला मात्र कुणी विचारलं नव्हतं. त्यात छबूबाईची कूस अजून उजवायची होती.

“सकाळपास्नं त्येंला दुखत न्हाई,” ती म्हणाली. “बरं व्हाया लागलं, अन् तुमी आत्ताच कापाया निघाले?”

“दुखत नाही, कारण आतलं मांस मेलंय, बाई!” डॉक्टर खेकसले. मांडी काळीनिळी पडली होती. त्यांनी तिचा हात धरून सुजेवर ठेवला. “दाबा.”

बोटांखाली चरचरलं. छबूबाईचं तोंडच उतरलं. तिच्या खोंडाला फऱ्या रोग झाला तेव्हा त्याचा मागचा फरा असाच वाजला होता, आणि दिवस मावळायच्या आत खोंड गेला होता.

“फऱ्या हाय ह्यो?”

“त्याचाच भाऊ समजा.”

“मंग थांबलात कशाला?” तिनं संमतीच्या कागदावर अंगठा उठवला. “पन मी दारात उभी ऱ्हानार. सुरी मांडी सोडून वर सरकली तर याद राखा.”

डॉक्टरांनी खरंच दार किलकिलं ठेवलं. मेलेलं मांस काढलं, पेनिसिलिन सुरू केलं, जखम उघडीच ठेवली. ती का शिवली नाही, याचाही छबूबाईला संशय आला. “शिवली तर घाण आत कोंडेल,” डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा कापलं. पुन्हा ती दारात.

ताप उतरल्यावर मच्छिंद्रनं आधी चादर उचलून पाहिलं, मग बायकोकडे.

“अंगठा कुनी दिला?”

“मी.”

“मला न इचारता?” नुसती मांडीच कापली, असं तिनं परोपरीनं सांगितलं, पण त्याला तिचं एक अक्षर पटेना. त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

इतके दिवस न रडलेली छबूबाई आता ढसाढसा रडली, आणि रडता रडताच त्याच्यावर ओरडली, “रुसा! खुशाल रुसा! रुसायला तरी वाचलात!”