घरचा नंबर

"रांगेत राहण्यासाठी नऊ दाबा," असं फोनमधली बाई सांगते तेव्हा माझे दोन्ही हात कणकेत असतात. दर तीन मिनिटांनी सांगते मेली. दाबला नाही तर फोन कट, परत पहिल्यापासून. म्हणून वसुधाताईंच्या ओट्यावर मी फोन डब्याला टेकवून ठेवते आणि उजव्या करंगळीला पीठ लागू देत नाही. सात महिने झाले, माझी करंगळी सरकारी नोकरीत आहे.

मी द्रौपदी. राहते दिंडोशीच्या डोंगरावर, पोळ्या करते खालच्या कॉलनीत वसुधाताईंकडे. माझा नवरा कुंडलिक जाऊन तीन वर्षं झाली. विधवेचं पेन्शन यायचं, ते दिवाळीला बंद पडलं. ऑफिसात गेले तर वॉचमनने भिंतीवरचा नंबर दाखवला. "इथं कोणी काही सांगत नाही मावशी, सगळं फोनवर." आणि हा फोन फुकटचा नाही हां! माझं रिचार्ज बारकं, मिनिटाला पैसे कापणारं. त्यात पहिली चार मिनिटं ती बाई नुसतं स्वागत करते. माझ्या लग्नात एवढं कोणी केलं नव्हतं.

घरात दोन नंबर होते, त्यातला कुंडलिकचा मी सोडला. तो गेल्यावरही त्यात पैसे भरत होते, गावाकडनं कोणाचा फोन आला तर म्हणून. खरं सांगू? सोडवत नव्हता. पण हेल्पलाइनला पैसे पुरेनात. शेजारची शेवंती म्हणाली, "अगं, मेलेल्या माणसाचं रिचार्ज करतेस, डोकंबिकं आहे का?" तिचंही खरंच होतं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आता तीस तारखेपर्यंत फोनवर तपासणी झाली नाही तर नाव यादीतून कायमचं जाणार होतं. काल एकोणतीस होती. पोळी तव्यावर आणि एकदम जिवंत मुलीचा आवाज.

"नमस्कार, मी गंधाली बोलते."

माझ्या हातातून उलथणंच पडलं. "ठेवू नको गं बाई! सात महिन्यांनी लागलाय."

चांगली होती पोरगी. अर्जाचा नंबर विचारला, मी धडाधड सांगितला. म्हणाली, "तुमच्या मोबाइलवर ओटीपी पाठवलाय, तो सांगा."

मी फोन बघितला. काही नाही.

"शेवटी छत्तीस असलेला नंबर आहे बघा, मावशी."

छत्तीस म्हणजे कुंडलिकचा. झेरॉक्सवाल्या निलेशने अर्ज भरताना नंबर विचारला आणि मी घरचा नंबर सांगितला होता. आमच्यात घरचा नंबर म्हणजे पुरुषाचा. रेशनला तोच, गॅसला तोच. स्वतःचा नंबर मला आजही पाठ नाही.

"तो बंद आहे गं. बदल ना!"

"बदलायलाही ओटीपी जुन्या नंबरवरच जातो. दहा मिनिटं आहेत, मी लाइन धरते."

वसुधाताई दारात ऐकत होत्या. त्यांनी स्वतःचा फोन पुढे केला, "लावून तर बघ." मी नंबर दाबला आणि तो वाजला. तीन वर्षांनी त्या नंबरवरून पुरुषाचा आवाज आला, "हॅलो, कोण?"

विशाल नाव त्याचं, देवनारचा. महिन्याभरापूर्वी नवीन कार्ड घेतलं, त्यात हा नंबर मिळाला म्हणे.

"भाऊ, तुझ्या फोनवर आत्ता सहा आकडे आले असतील. तेवढे सांग रे."

"आलेत. पण कोणालाही सांगू नका असं लिहिलंय ना खाली."

"अरे, ते माझेच आहेत!"

"मावशी, मागच्या वर्षी मी एका बाईला असेच सांगितले. माझ्या आईचं खातं साफ झालं. ती बाई पण अशीच विनवत होती."

"बाळा, हा माझ्या नवऱ्याचा नंबर आहे रे."

"आता माझा आहे," म्हणाला आणि कट केला. परत लावला तर उचलेना.

त्याच्यावर तरी कसली चिडू? त्याच्या जागी मीही सांगितले नसते. इकडे गंधाली म्हणाली, "वेळ संपला, मावशी. पुन्हा रांगेतून यावं लागेल." तिच्या आवाजात वाईट वाटल्याचं कळत होतं, पण त्याचा मला काय उपयोग? तव्यावरची पोळी जळून काळी झाली होती. वसुधाताईंनी गॅस बंद केला.

आज तीस तारीख. शेवंतीच्या फोनवरून विशालला चारदा लावला, त्याने तोही ब्लॉक केला. एवढ्या देवनारात त्याला कुठे शोधू? सकाळपासून मी पुन्हा रांगेत आहे. बाई सांगते नऊ दाबा, मी दाबते. फोन लागला तरी आकडे कुंडलिकच्याच नंबरवर जाणार, हे मला माहीत आहे. आणि तो नंबर, हाच फोन लावता यावा म्हणून, मीच सोडलाय.