आप्पांच्या गाडीचा क्लच

मी एक क्लच. हा शब्द ऐकल्यावर डाव्या पायाखालचं पेडल तुमच्या डोळ्यांपुढे आलं असेल. पण मला पेडल नाही, दांडा नाही, वायर नाही. वरणाच्या वाटीएवढा माझा ड्रम, आत लायनरचा खरखरीत थर चिकटवलेले लोखंडाचे तुकडे आणि त्यांना आवळून धरणारी स्प्रिंग, एवढाच माझा संसार. इंजिन हळू चालत असलं की मी नुसता फिरतो, गाडी जागची हलत नाही. इंजिनाने जोर धरला की फुगडी घालणाऱ्या बायका जशा बाहेरच्या अंगाला खेचल्या जातात, तसे माझे तुकडे बाहेर सरकतात, ड्रमला घट्ट धरतात आणि गाडी निघते. यात कुणाच्या पायाचा काही संबंध येत नाही. म्हणून तर माझी निवड झाली.

माझा जन्म सातपूरच्या एका लहानशा कारखान्यातला. तिथून मी नाशिकच्या एका दुकानात येऊन पडलो. पावसाळा गेला, उन्हाळा गेला, खोक्यावर धूळ साचली. एक दिवस निकिता आली. मुलगी डिप्लोमा झालेली, सिन्नरच्या कंपनीत नोकरीला, बोटांना ग्रीस लागलेलं. तिने मला खोक्यातून काढलं, ड्रम फिरवून कानाशी धरला आणि विचारलं, "हा साठ-सत्तर किलोचा माणूस ओढेल ना?"

दुकानदार म्हणाला, "लहान मुलांच्या गाडीला लावतात तो हा."

"मला माझ्या वडिलांसाठी पाहिजे," ती म्हणाली.

तिचे वडील खंडेराव. लासलगावात त्यांना सगळे आप्पाच म्हणत. सारा जन्म ट्रॅक्टर चालवण्यात गेलेला. कांद्याने भरलेली ट्रॉली बाजार समितीच्या गर्दीत एका दमात मागे घेऊन बरोबर जागेवर लावावी ती आप्पांनीच. हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धंच दाबून, ट्रॅक्टर असा तोलून धरत की लोक हातातला चहा विसरून बघत राहत. पुढे साखरेच्या आजाराने डाव्या पायाची जखम चिघळली आणि गुडघ्याखाली पाय काढावा लागला. तेव्हापासून आप्पा ओट्यावर बसून असत. रस्त्याने ट्रॅक्टर गेला की मान फिरवून घेत.

आपल्या बापाला पुन्हा काहीतरी चालवायला मिळावं, एवढाच निकिताचा हट्ट होता. कॉलेजात तिने मित्रमैत्रिणींबरोबर शर्यतीची छोटी गाडी बनवली होती, गो-कार्ट म्हणतात ती. तशीच घरी बनवायची तिने ठरवली. पाइप जोडून सांगाडा झाला, फवारणीच्या पंपाचं जुनं इंजिन मिळालं. अडलं ते एकाच गोष्टीवर, इंजिनाची ताकद चाकापर्यंत न्यायची कशी?

एका रविवारी तिने गोणपाटावर तीन वस्तू मांडल्या. मोटारसायकलचा गिअरबॉक्स, स्कूटरच्या पुल्या नि पट्टा, आणि चेनसकट मी. आप्पा कुबड्या टेकत आले आणि थेट गिअरबॉक्सपाशी थांबले.

"ह्योच बसव. गाडी म्हंजी गिअर."

"आप्पा, त्याला क्लच दाबावा लागतो."

"मग दाबीन की." असं म्हणता म्हणता आप्पांची नजर गुडघ्याखाली लोंबणाऱ्या रिकाम्या धोतराकडे गेली. निकिताही खाली बघत राहिली. मग तिने घाईघाईने समजावलं, की हाताचा क्लच लावता येईल पण स्टिअरिंगला दोन्ही हात लागतात, पट्ट्याचं काम चांगलं पण आपल्याकडे धूळ आणि कांद्याची टरफलं, त्यात तो घसरेल. मग तिने मला उचललं. "ह्याला काही करावं लागत नाही. ॲक्सिलेटर दिला की निघते, सोडला की थांबते."

"मंग डायव्हर कशाला पायजेल?" आप्पा म्हणाले. "बसव एखादं गाठोडं."

मला तेव्हा त्यांचा राग आला होता. नंतर कळलं, त्या माणसाला माझ्यात क्लच दिसतच नव्हता. त्यांना दिसत होता तो नसलेला पाय. मला हो म्हणणं म्हणजे तो गेला हे कबूल करणं.

निकिताने मलाच बसवलं. आप्पा तिकडे फिरकले नाहीत. शेवटी त्यांची बायको कुसाबाई रागावली. "पोरगी कंपनीतनं येती, जेवायच्या आधी त्या गाडीखाली शिरती. एकदा तरी बसा की! नाय आवडली तर उतरा."

बाजार बंद असलेल्या एका दिवशी, शेजारच्या मोकळ्या खळ्यात आप्पा बसले. उजव्या पायाने जरासं दाबलं. मी धरलं. गाडी सरकली तशी त्यांच्या तोंडून "अगं आई गं!" निघालं. एक चक्कर झाली, दुसरी झाली. मग त्यांनी कांदाचाळीच्या खांबांमधून गाडी अशी वळवत काढली की निकिता टाळ्या वाजवायची विसरली. थांबल्यावर आप्पांनी माझी स्तुती केली नाही. एवढंच म्हणाले, "निके, ब्रेक जरा कडक कर."

ते ऐकून ती पोर चाळीच्या आड जाऊन रडली. मला जोडल्याचं सार्थक झालं असं मला त्या दिवशी वाटलं.

तेव्हापासून आप्पा रोज संध्याकाळी खळ्यात गाडी काढू लागले. दाढी वेळेवर होऊ लागली. दसऱ्याला गाडी घेऊन सलाउद्दीनकडे सोनं द्यायला जायचं, असं त्यांनी महिनाभर आधी जाहीर करून टाकलं. सलाउद्दीन म्हणजे बाजार समितीतला त्यांचा जुना दोस्त, ट्रकवाला. घर गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. पाय गेल्यापासून तोच यायचा, आप्पा कधी गेले नव्हते.

आणि मग खंडेनवमी आली.

या दिवशी आमच्याकडे हत्यारं-अवजारं पुजतात. आप्पांचा शिरस्ता असा, की खंडेनवमीला घरातलं लोखंड कोरडं राहता कामा नये. सकाळपासून ते पाने, पहार, विळे, जॅक पुसत बसले होते. प्रत्येकाला तेल, मग हळदकुंकू, झेंडूचं फूल. निकिता कामावर गेली होती. सगळ्यात शेवटी ते माझ्यापाशी आले. आवरणाच्या भोकातून तेलाच्या बुधलीचं नाक आत घातलं आणि चांगलं पोटभर तेल पाजलं.

"घे बाबा," ते मला म्हणाले. "लय केलंस माझ्यासाठी."

आता मी तुम्हाला काय सांगू! माझं सगळं काम कोरडेपणावर चालतं. लायनरला तेल लागलं की ते ड्रमला धरू शकत नाहीत, नुसते घसरतात. हे निकिताला माहीत होतं, पण सांगायची कधी वेळच आली नव्हती. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. पण खरं सांगतो, इतक्या मायेने आजवर मला कुणी हात लावला नव्हता.

दसऱ्याच्या संध्याकाळी आप्पा धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून, खिशात आपट्याची पानं घेऊन बसले. गल्लीतले लोक दारात आले. आप्पांनी ॲक्सिलेटर दिला. इंजिन गरजलं, गाडी कशीबशी रांगत गटाराच्या उंचवट्यापर्यंत गेली आणि थांबली. आप्पांनी अजून दाबलं. मी धरायची शिकस्त केली, पण तेलात घसरत, तापत, जळत राहिलो. धूर निघाला.

"आप्पा, उतरा! पेटंल ती!" कोणीतरी ओरडलं. कोणीतरी हसलंही.

तिकडून सलाउद्दीन लगबगीने आला. "अरे खंडू, सोनं काय मला इथं येऊन घेता येत नाय का?" म्हणत त्याने गळाभेट घेतली. माणूस मोठ्या मनाचा. पण आप्पांना त्याच्या उंबऱ्यावर जायचं होतं. त्याने आणि निकिताने ढकलत गाडी घरी आणली. आप्पा तिच्यात बसूनच होते, हात स्टिअरिंगवर, नजर खाली.

निकिताने मला उघडलं. आत तेल चकाकत होतं. तिने आवरणावरचं हळदकुंकू बघितलं, कोनाड्यातली बुधली बघितली आणि सगळं ओळखलं.

"काय झालं गं?" आप्पांनी विचारलं.

तिने आवरण परत बसवलं. मग म्हणाली, "माझंच चुकलं, आप्पा. मी क्लचच चुकीचा निवडला."

आप्पांनी मान हलवली. "तरी मी म्हनत होतो. पायाबिगर नाय जमायचं ते."

झालं ते एवढंच. बापाला अपराधी वाटू नये म्हणून लेकीने चूक आपल्या अंगावर घेतली. किती माया होती त्यात! आणि त्याच मायेने घात केला.

तिने मला पेट्रोलने धुतलं, लायनर पॉलिश पेपरने घासले. दुसऱ्याच दिवशी मी पहिल्यासारखा धरत होतो. "आप्पा, दुरुस्त झाला, बसा," ती म्हणायची. आप्पा म्हणायचे, "बघू." नंतर तेही म्हणेनासे झाले. ओट्यावर सलाउद्दीनला सांगताना मी ऐकलं, "पोरीनं लय जीव लावला रे. पण पाय तो पायच." थंडीत त्यांचा आजार बळावला आणि माघात ते गेले.

परवा एका कॉलेजची साक्षी नावाची मुलगी गाडी विकत घ्यायला आली. माझं आवरण काढून तिने विचारलं, "ताई, लायनर असे का जळलेत?"

"वडिलांनी खंडेनवमीला तेल घातलं होतं," निकिता हळूच म्हणाली. "त्यांना वाईट वाटेल म्हणून मी सांगितलं नाही."

कुसाबाई चहा घेऊन दारात उभी होती. कप तिथेच जमिनीवर ठेवत ती म्हणाली, "अगं, सांगायचं ना! सोताला दोन शिव्या हासडल्या असत्या नि सकाळी परत बसले असते. त्यांना वाटलं, आपून संपलो."

मग निकिताला गाडी विकवेना, साक्षी तशीच परत गेली. आप्पा गेल्यावर निकिता पहिल्यांदाच त्यांच्या सीटवर बसली आणि इंजिन सुरू केलं. ॲक्सिलेटरला तिने पाय लावला नाही. पेट्रोल संपेपर्यंत इंजिन हळू चालत राहिलं आणि मी नुसता फिरत राहिलो.

आता मी ताडपत्रीखाली आहे. पुन्हा कुणी मला कामाला लावेल की नाही, ठाऊक नाही. माझं एवढंच मागणं आहे. तुम्हाला देवाने तोंड दिलंय. घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं चुकलं तर त्याला सांगा. रागावून सांगा, हसून सांगा, पण त्याची चूक त्याच्यापाशी राहू द्या. ती दुरुस्त करायला तो उठेल. आमचे आप्पा नक्की उठले असते.