घरचं मोजू नये

बाबल्या सकपाळानं पहिला फटका झेरॉक्स मशीनच्या काचेवर हाणला. दुसरा ट्यूबलाइटवर. तिसरा रावजी भुवडाच्या बरगड्यांवर. बॅट टेनिस चेंडूची, तशी हलकीच. पण मारणारा हात मुंबईच्या गोदीत गोणी उचलून तयार झालेला. रावजी गल्ल्याच्या टेबलावरून घसरत खाली बसला आणि पाण्याबाहेर काढलेल्या मासळीसारखा तोंड उघडं टाकून श्वास शोधू लागला.

"शिमग्याचं पोस्त मागायला आलो, रावजीशेट," बाबल्या म्हणाला. "देणार ना?"

त्याच्याबरोबर दोघे होते. एक जाडा, दुसरा गालाला गुलाल फासलेला. गुलालवाल्यानं दुकानाचं शटर कमरेपर्यंत खाली ओढलं. बाहेर खेडचा डेपो भर दुपारी चाकरमान्यांनी फुलला होता. कुठूनशी पालखीबरोबरची ढोलांची लय येत होती. आत काच फुटली काय आणि माणूस फुटला काय, कुणाला ऐकू जाणार नव्हतं.

बाबल्यानं खिशातून एक फोडलेलं प्लॅस्टिकचं पाकीट काढलं आणि रावजीच्या तोंडावर फेकलं. पाठोपाठ एक कार्ड.

"ह्यावर तुजं पान हाय का नाय?"

पाकिटाच्या कडेला पिंपळपानाच्या आकाराचं भोक होतं. पान रावजीचंच होतं.

हे पान काय होतं ते सांगितलं पाहिजे. रावजी मुंबईला एका छापखान्यात कटर होता. छापखाना अठ्ठ्याण्णव साली बंद पडला, तेव्हा मालकानं हिशेबापोटी जुनं हातदांड्याचं कटिंग मशीन दिलं. ते घेऊन रावजी गावी आला आणि डेपोजवळ झेरॉक्स-लॅमिनेशनचं दुकान टाकून बसला. त्याच सुमारास बबलगमच्या पुडीतून क्रिकेटवाल्यांची कार्डं निघू लागली आणि पोरंच नव्हे, मिशा फुटलेले बाप्येही त्यांच्या मागे लागले. अदलाबदलीत भांडणं होत. माझं कोरं, तुझं मळकं, कोपरा दुमडलाय, तेलाचा डाग आहे. मग कुणीतरी म्हणालं, रावजीकडे जाऊ या, त्याचा जन्म कागदात गेला.

रावजी कार्ड उजेडात धरी, कोपऱ्यांवरून अंगठा फिरवी, पितळी मापाच्या चौकटीत ठेवून बघी आणि चारातलं एक नाव देई: कोरं, बरं, हाताळलेलं, मेलं. कोरं असेल तर प्लॅस्टिकच्या पाकिटात बंद करी आणि कडेला पिंपळपानाचा पंच मारी. ते पाकीट मग कुणी फोडत नसे. फोडलं की रावजीचा शब्द संपला, अशी रीतच पडली. चिपळूणपासून मंडणगडपर्यंत पानाचं पाकीट डोळे झाकून घेत.

बाबल्यानंही तसंच घेतलं होतं. एका डावखुऱ्या बॅट्समनचं कार्ड होतं ते, छपाईत चुकून खाली यष्टिरक्षकाचं नाव पडलेलं. कंपनीनं चूक कळताच छपाई थांबवली होती. त्यामुळं असं कार्ड बघायलाही मिळत नसे. ते रावजीच्या धाकट्या भावाकडे, रघूकडे होतं. बाबल्यानं त्याच्यासाठी स्वतःची मोटारसायकल रघूच्या हवाली केली आणि कार्ड मुंबईच्या एका शौकिनाला दाखवायला नेलं. त्या शौकिनाला आपली रीत ठाऊक नव्हती. त्यानं सरळ पाकीट फोडलं आणि कार्ड पट्टीवर ठेवलं.

"चार माणसांत हसला मला," बाबल्या म्हणाला. "म्हणतो, कडा कापून नवं केलेलं कार्ड आणलंस, कोकणातला डुप्लिकेट! चल, ठेव आता तुज्या मापात."

रावजीनं हात वर करून टेबलावरची पितळी चौकट घेतली. कार्ड ठेवलं. तीन बाजू बसल्या, चौथ्या बाजूला केसभर उजेड दिसला. मग त्यानं ती कड डोळ्याजवळ नेली. कडेवर एक बारीक ओरखडा होता.

ओरखडा त्याच्याच पात्याचा होता. मागं एकदा स्टेपलरची पिन आडवी आली होती आणि पात्याला खोड पडली होती. ह्या मशीनवर कापलेल्या प्रत्येक कागदावर ती खोड सही करून जाई.

आणि माप? माप त्यानं लावलंच नव्हतं. कार्ड घरचं होतं. रावजीची आई घरच्या रोवळीतले तांदूळ कधी मोजू देत नसे, पोरांना दाराला उभं करून उंची बघू देत नसे. घरचं मोजू नये, मोजलं की त्याला ओहोटी लागते. रघूला रावजीनं लेकरासारखा वाढवला होता. त्यानं कार्ड पुढं केलं, रावजीनं अंगठा फिरवला, कोपरे टोचले, आणि चौकटीकडे हात न नेता पान मारलं. रघूला ही खोड ठाऊक होती. पात्याचीही आणि भावाचीही.

"कुणी कापलं?" बाबल्यानं विचारलं.

रावजी ओरखड्यावरून अंगठा फिरवत राहिला. जाड्यानं त्याच्या तोंडावर गुडघा मारला. दात ओठातून आरपार गेला.

तेवढ्यात बाहेर मोटारसायकल थांबली. तीच. शटर अर्धं खाली का म्हणून रघू वाकून आत आला, आणि गुलालवाल्यानं त्याला केसांना धरून फरफटत ओढलं.

"या या, मालक! गाडी बरी चालतेय ना?" बाबल्या हसला आणि त्यानं रघूच्या पोटात लाथ घातली. रघू ओकला. मग बॅट पाठीवर, खांद्यावर, पुन्हा पाठीवर. रघू आधी शिव्या देत होता, मग "दादा, दादा" करू लागला.

"सोड त्याला!" रावजी ओरडला. "पान माजं हाय. मला मार."

"तुला मारून काय गावायचं? कापणारा हात कुठला ते मला पायजे."

दोघांनी रघूचा उजवा पंजा धरून कटिंग मशीनच्या दाबाखाली घातला. कागद हलू नये म्हणून वरून लोखंडी पट्टी येते, तो दाब. बाबल्यानं वरचं चाक फिरवलं. पट्टी पंजावर बसली. त्यानं आणखी फिरवलं. ओली फांदी मोडावी तसा आवाज आला आणि रघूची किंकाळी शटरवर आपटली. पुढच्या बाजूनं पातं टांगलेलं होतं, बोटांच्या पेरांवर नेमकं. बाबल्यानं दांड्याला हात घातला.

"आता दोन वाटा हायत, रावजीशेट. एक तर ह्याची बोटं इथं राहतील. नायतर..." त्यानं जाड्याला खूण केली. जाड्यानं पिशवीतून कार्डांचा गठ्ठा काढून टेबलावर ठेवला. "ह्यांना पान मार. सगळ्यांना. कोरं म्हणून. पुण्याचा माणूस हाय, पाकीट फोडत नाय. तुज्या पानावर जीव टाकतो."

गठ्ठ्यातलं वरचं कार्ड बघताच रावजीला कळलं. कडा पांढऱ्याशुभ्र, मधला रंग उडालेला. म्हाताऱ्याला नवरदेव केलेला.

"ही पण कापलेली हायत," तो म्हणाला.

"म्हणून तर पान लागतं! एकदा चालतं तर शंभरदा चालंल. तुज्या भावानंच वाट दाखवली ना?"

रावजीनं पंच हातात घेतला. रघूच्या नखांखाली रक्त काळं होत चाललं होतं. पंच दाबायला काही कष्ट नव्हते. पण पुण्याचा माणूस आज ना उद्या कुणाला तरी ती कार्डं देणार, कुणीतरी पाकीट फोडणार, आणि मग असाच कुणी बॅट घेऊन कुणाच्या तरी दुकानात शिरणार. एकच पान न मोजता मारलं होतं, तर आज भाऊ पात्याखाली होता.

त्यानं पंच खाली ठेवला नाही. पण सांगितलं ते वेगळंच.

"अशी पान मारून चालायची नायत," तो रक्त गिळत म्हणाला. "कापणाऱ्यानं तिरकी कापलीत. कडा एकसारख्या करतो, मग मारतो. मशीन मोकळी कर."

बाबल्यानं त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग हसला. "आत्ता कसा शहाण्यासारखा बोललास! उगाच पोराचा हात चेचायला लावलास."

चाक उलटं फिरलं. रघू पंजा छातीशी घेऊन कोपऱ्यात कोसळला. रावजी पंच टेबलावर ठेवून, बरगडी धरून उभा राहिला. गठ्ठा दोन्ही हातांनी ठोकून सरळ केला आणि दाबाखाली सारला. कड सारखी करायची तर नखभर पुढं ठेवायचा. त्यानं अर्धा पुढं ठेवला. चाक आवळलं. सगळं अंग दांड्यावर टाकलं.

पातं निघालं. वरच्या कार्डावरच्या खेळाडूच्या गळ्यावर ते येतंय हे बाबल्याला तेव्हा दिसलं.

"अरे भडव्या! मधोमध..."

त्यानं गठ्ठा ओढायला हात घातला. चाक आवळलेलं होतं, गठ्ठा सुटेना. हात तिथंच होता. रावजीनं तो पाहिला: केसाळ मनगट, तांब्याचं कडं, बोटं कार्डांत रुतलेली. दांडा अर्ध्यावर होता. अर्ध्यावरचा दांडा थांबवता येतो. छापखान्यात हजारदा थांबवला होता.

दांडा खाली गेला.

आधी कागद कापल्याचा नेहमीचा करकर आवाज आला. मग बाबल्या स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. तर्जनी आणि मधलं बोट पलीकडे, अर्ध्या झालेल्या कार्डांवर पडली होती. रक्ताची चिळकांडी त्याच्याच तोंडावर उडाली, तेव्हा तो ओरडला. जाड्यानं बॅट उचलून रावजीच्या दंडावर घातली, हाड मोडलं. दुसरा फटका डोक्यावर बसला असता, पण रघू कोपऱ्यातून उठला आणि त्यानं पितळी चौकट जाड्याच्या कानशिलात हाणली. कान फाटून लोंबू लागला. गुलालवाल्यानं शटर वर केलं आणि पळाला. त्याच्यामागं ढोलांचा आवाज पुरासारखा आत घुसला, आणि लोक धावले.

बाबल्याला सरकारी दवाखान्यात नेलं. रावजीचा हात तिथंच प्लॅस्टरमध्ये घातला; रघूच्या पंजाला सूज उतरल्याशिवाय प्लॅस्टर घालता येणार नव्हतं. मग दोघा भावांना चौकीत आणलं. फौजदार घाटावरचा, पण खेडात मुरलेला. बाबल्याला तो चांगला ओळखून होता. त्यानं रावजीला आधी पाणी दिलं.

"रावजीभाऊ, ते तिघे तुमच्या दुकानात शिरले, मारहाण केली, हे उघड आहे," तो म्हणाला. "बोटांचं काय ते सांगा. तुम्ही कागद कापत होता, त्यानं मध्येच हात घातला, तुम्हाला दिसला नाही. असंच झालं ना?"

"दादा, हो म्हण," रघू कुजबुजला. त्याचा पंजा केळफुलासारखा सुजून जांभळा झाला होता. "दिसला नाय म्हण. वयनी घरी एकटी हाय. तिचा तरी विचार कर. कोण बघत होतं?"

"मी बघत होतो," रावजी म्हणाला.

"अहो, डोळ्यांवर रक्त होतं तुमच्या," फौजदार म्हणाला. "ते मी लिहू शकतो."

"रक्त ओठाला होतं. डोळे साफ होते." रावजीनं मोडका हात सावरून घेतला. "हात दिसला. कडं पण दिसलं. दांडा अर्ध्यावर होता, थांबवता येत होता. मी नाय थांबवला. आणि कडा सरळ करतो म्हणून सांगितलं, ते पण खोटंच होतं. लिवा."

"आत जाल, भाऊ."

"जाईन."

फौजदारानं टोपी काढून टेबलावर ठेवली. रघूनं डोकं भिंतीला टेकवलं आणि तो लहान पोरासारखा मुसमुसू लागला. रावजीनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"बरं," फौजदार शेवटी पेन उचलत म्हणाला. "मग पहिल्यापासून. ते डावखुऱ्याचं कार्ड. ते कापलेलं होतं?"

"होय. माज्याच मशीनवर."

"तुम्ही कापलं?"

"नाय. मी न मोजता पान मारलं. तेवढं माजं."

"मग कापलं कुणी?"

रावजी खिडकीबाहेर पाहत राहिला. पालखी जवळच्या आळीत आली असावी. ढोल थांबून कुणीतरी देवाला गाऱ्हाणं घालत होतं, आणि मधूनमधून "व्हय महाराजा"चा गजर उठत होता.

रघूनं बऱ्या हातानं नाक पुसलं. मग उठून टेबलाशी आला आणि सुजलेला पंजा फौजदारासमोर कागदाशेजारी ठेवला.

"मी," तो म्हणाला.